पट्ट्याला लावलेली पेस्ट म्हणजे निसणाच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांचा शेफील्डचा ६/८ इंची वस्तरा तुम्ही एका जाणकाराकडून धार लावून घेतलात. पहिला महिना दाढी उत्तम झाली. मग हनुवटीखाली केस ओढल्यासारखे वाटू लागले. म्हणून हिरवी पेस्ट आणून ती रोजच्या चामडी पट्ट्यावर चोळलीत आणि दाढीआधी रोज ४० फेऱ्या मारायला लागलात. आठवडाभर छान वाटलं. आता दोन महिने झाले, तर वस्तरा आधीपेक्षा जास्त ओढतो आणि दाढीनंतर गळ्याची आग होते. याहून बारीक पेस्ट आणू का, की डायमंडची आणू, असं तुम्ही विचारलं आहे.

कुठलीच आणू नका. तुमच्या वस्तऱ्याला आता पेस्ट नको, दगड हवा. दगडावरून परत आला की पेस्ट लावायची ती वेगळ्या फळीला, आणि गरज पडेल तेव्हाच. म्हणजे १५-२० दाढ्यांनंतर एखाद्या वेळी, दहा फेऱ्यांच्या वर नाही. घाईत असाल तर एवढंच पाळलंत तरी वस्तरा वाचेल. पण यामागचं कारण पटलं नाही तर हात थांबत नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. म्हणून नीट सांगतो.

आमचं घर न्हाव्याचं. वडिलांचं दुकान सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात होतं आणि सुट्टीत पाण्याची वाटी भरण्यापासून निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, पुसण्यापर्यंतची कामं माझ्याकडे असायची. पुढे मी टूलरूममध्ये नोकरी केली. डाय आणि मोजमापाचे गेज लॅपिंग करण्यात, म्हणजे बारीक पूड लावून पृष्ठभाग घासून सपाट करण्यात, तीस वर्षं गेली. वस्तरे मात्र सुटले नाहीत, आजही घरी लोक धार लावायला आणून देतात. हे सांगायचं कारण एवढंच की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला वडिलांच्या दुकानात मिळालं आणि उरलेलं अर्धं लॅपिंगच्या टेबलावर.

वडिलांच्या खुर्चीच्या हाताला एक पट्टा कायम लटकत असे. त्याला एका अंगाला जाड कॅनव्हास आणि दुसऱ्या अंगाला चामडं. त्या चामड्याला त्यांनी तळहाताचा घाम आणि वर्षातून एक-दोनदा तेलाचं बोट यापलीकडे काहीही लावलं नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी कॅनव्हासवर चार-सहा हात, मग चामड्यावर, आणि गडबड असली तर शेवटचे दोन हात डाव्या तळव्यावर. तळव्याचं अनुकरण कृपा करून करू नका, त्यामागे लहानपणापासूनची सवय असते. दिवसाला पंधरा-वीस दाढ्या व्हायच्या. धार मंदावली असं हाताला कळलं की वडील निसणा ओला करून त्यावर चार-पाच हलके हात फिरवायचे आणि पुन्हा पट्टा. पेस्टचा प्रश्नच आला नाही, कारण निसणा हाताशी होता आणि त्यावरचा हात तयार होता.

आज सलूनमध्ये जो वस्तरा दिसतो त्यात अर्धं ब्लेड बसवलेलं असतं आणि गिऱ्हाइकागणिक ते बदलतात. एड्स आणि कावीळ ब ची भीती पसरली तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून पुढे, आमच्याकडेही हा बदल झाला आणि तो योग्यच होता. पण त्याबरोबर पट्टा गेला, निसणा गेला आणि ते काम डोळ्यांसमोर पाहून शिकण्याची सोय गेली. आता तुमच्यासारखा कुणी आजोबांचा वस्तरा आवडीने हातात घेतो तेव्हा बाजारात सगळ्यात सहज मिळते ती पेस्ट. दगड महाग, धार लावणारा दूर, आणि पेस्ट मात्र डबीत घरपोच. तिथून ही गडबड सुरू होते.

आता मूळ मुद्दा. नुसतं चामडं आणि पेस्ट लावलेलं चामडं ही दोन वेगळी हत्यारं आहेत. नुसत्या चामड्याने स्टील जवळपास झिजत नाही. दाढीनंतर धारेवर साबणाचा अंश, ओल आणि गंजाचा डोळ्यांना न दिसणारा थर राहतो, तो कॅनव्हास आणि चामड्याने निघतो. धारेचा किंचित वाकलेला भाग सरळ व्हायला मदत होते. म्हणून ते रोज केलं तरी चालतं, रोज करायलाच हवं. पेस्टचं तसं नाही. पेस्टमधला प्रत्येक कण स्टील खरवडतो. जे स्टील खरवडतं त्याला आपण निसणा म्हणतो, मग ते दगडाच्या रूपात असो की चामड्यावरच्या हिरव्या थराच्या.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन व्हेरहोव्हेन यांनी २००४ मध्ये चाकूच्या धारेवरचे आपले प्रयोग मांडले. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धारा तपासल्या. नुसत्या चामड्यावर घासून दगडाने उभी केलेली बर, म्हणजे धारेच्या टोकाशी राहिलेली स्टीलची बारीक कड, फारशी हलत नाही, क्रोमियम ऑक्साइड (हिरव्या पेस्टमधली पूड) चोळलेल्या चामड्यावर मात्र ती निघते, असं त्यांना दिसलं. दाढीच्या वस्तऱ्याला हे आणखी लागू पडतं, कारण इथे सगळा कारभार फार बारीक आहे. दाढीचा एक केस साधारण १०० मायक्रॉन जाडीचा असतो; मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. चांगल्या लागलेल्या वस्तऱ्याची धार अगदी टोकाला अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. तुमच्या हिरव्या पेस्टचा कण, ती खरी क्रोमियम ऑक्साइडची असेल तर, साधारण अर्ध्या मायक्रॉनचा. म्हणजे धारेच्या टोकाच्या जाडीएवढाच कण तुम्ही रोज ४० फेऱ्यांनी, जाऊन-येऊन ८० वेळा, तिच्यावरून फिरवत होता.

तरीही नुकसान कणाने जेवढं केलं नाही तेवढं पट्ट्याच्या मऊपणाने केलं. हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे.

वस्तऱ्याची रचना हुशारीची असते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, त्यामुळे कोन हाताने सांभाळावा लागत नाही, पाठच तो सांभाळते. तुमच्या वस्तऱ्याचं पातं सुमारे १९ मिलिमीटर रुंद आहे. पाठ ५ मिलिमीटर जाड धरली तर दोन्ही अंगांचा मिळून कोन १५ अंशांच्या आसपास येतो. बहुतेक वस्तरे १५ ते १८ अंशांत बसतात. दगड सपाट आणि कडक, म्हणून बेव्हल, म्हणजे धारेलगतचा घासलेला उतार, सपाट राहतं आणि दोन सपाट पृष्ठभाग टोकाला मिळतात.

लटकत्या पट्ट्यावर तसं होत नाही. पट्टा कितीही ताणून धरा, वस्तऱ्याखाली तो थोडा दबतो आणि धारेच्या मागे लगेच वर उचलतो. चामड्याचा तो उचललेला भाग धारेच्या टोकाला गुंडाळून पुढे सरकतो. नुसतं चामडं असेल तर काही बिघडत नाही, ते कापतच नाही. पण त्यावर कापणारे कण असतील तर ते नेमकं टोकच जास्त खातात आणि टोकाशी कोन मोठा होत जातो. सपाट बेव्हलच्या शेवटी एक बारीक गोलाई तयार होते. लॅपिंगमध्ये आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो की लॅप, म्हणजे ज्यावर घासायचं तो पृष्ठभाग, मऊ असेल तर कामाच्या कडा गोल होणार. तिथे कडा गोल झाली की गेज बाद. इथे धारच कडा आहे.

तुमचा अनुभव यात तंतोतंत बसतो. पहिल्या आठवड्यात पेस्टने मंद झालेलं टोक खरवडून ताजं स्टील वर आणलं, कोन किंचित वाढला, तो अजून चालण्यासारखा होता, म्हणून छान वाटलं. पण तुम्ही रोज तेच करत राहिलात. गोलाई वाढत गेली. टोक चकचकीत राहिलं, भिंगातून पाहिलंत तर आरशासारखं दिसेल, पण केसात शिरायला ते आता जाड झालं आहे. केस कापण्याआधी ओढला जातो. हात नकळत दाब वाढवतो आणि मग आग होते. या अवस्थेत याहून बारीक पेस्ट आणली तर तीच गोलाई आणखी चकचकीत होईल. डायमंडची आणली तर ती आणखी लवकर वाढेल.

मग पेस्ट वाईट का? नाही. मी स्वतः वापरतो, आणि तिचं योग्य काम आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध छापला. ब्लेड दाढी करताना बोथट कसं होतं, ते त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष केस कापताना पाहिलं. केस स्टीलपेक्षा जवळपास ५० पट मऊ, तरी तो ब्लेडच्या धारेचे बारीक टवके उडवतो. केस वाकतो, तिरपा जोर येतो, आणि स्टीलच्या पोटात जिथे घट्ट आणि नरम भागांची सांध असते तिथे कड तुटते. त्यांनी प्रयोग फेकायच्या रेझरच्या ब्लेडवर केले होते, वस्तऱ्यावर नव्हे. पण भिंगाखाली वापरलेला वस्तरा पाहिला की असेच बारीक दंतुर भाग मला दिसतात. सरळ करून ते भरून निघत नाहीत, कारण तिथे स्टील उरलेलंच नसतं. आजूबाजूचं स्टील तेवढं खाली आणावं लागतं. नुसत्या चामड्याला ते जमत नाही, पेस्टला जमतं. पंधरा-वीस दाढ्यांनंतर धार मंदावते त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि तेव्हा दगड न काढता सात-आठ फेऱ्या पेस्टवर मारून धार ताजी करणं हा शहाणपणाचा उपाय आहे. मात्र ती फेरी म्हणजे स्टील खर्च करणं आहे, हे मनात पक्कं हवं.

पेस्ट कुठली, हे सांगतो, कारण रंगांनी लोकांचा फार गोंधळ होतो.

हिरवी, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, ही माझी नेहमीची. कठीणतेच्या मोह्स मोजमापात, ज्यात हिरा १० असतो, तिची कठीणता ८ ते ८.५ आहे, कण ०.३ ते ०.५ मायक्रॉनचे मिळतात. ती कापते पण आक्रमक नाही, आणि धार गालाला मऊ लागते. लाल, म्हणजे आयर्न ऑक्साइड, सोनार झिलईला वापरतात तीच. तिची कठीणता ६ च्या आसपास, म्हणजे कडक स्टीलच्या जेमतेम बरोबरीची. तिच्याने कापण्यापेक्षा झिलई जास्त होते. हिरवीनंतर चार-पाच फेऱ्या लाल फळीवर मारल्या तर फरक जाणवतो, पण ती नसली तर काही अडत नाही. डायमंड ०.५, ०.२५, ०.१ मायक्रॉनचा फवारा किंवा पेस्ट म्हणून मिळतो. डायमंड स्टीलला न जुमानता कापतो. कणाचा आकार तोच असला तरी ओरखडा खोल पडतो आणि अर्ध्या मायक्रॉनच्या डायमंडची धार मला गालावर कोरडी, चरचरीत वाटते. नवशिक्या हातात मी डायमंड देत नाही. पाच फेऱ्यांत जी चूक होते ती क्रोमियम ऑक्साइडला करायला पन्नास लागतात.

आता रंगाचा घोळ. जर्मनीत सोलिंगनला बनणाऱ्या वस्तऱ्यांबरोबर लाल आणि काळी अशी पेस्टची जोडी मिळते, आणि तिथे लाल ही काळीपेक्षा जाड असते. सोनाराची लाल अतिशय बारीक, सोलिंगनची लाल जाड. तिथलीच पिवळी पेस्ट तर कापतच नाही, ती चामडं मऊ ठेवायला असते. म्हणून रंगावर जाऊ नका, कणाचा आकार आणि पदार्थ लिहिलेला असेल तरच घ्या.

हार्डवेअरच्या दुकानात बफिंगसाठी हिरवी वडी मिळते. ती स्वस्त असते आणि पुष्कळांनी तीच आणलेली असते. तुमचीही तीच असेल असा माझा अंदाज आहे. तिच्यात क्रोमियम ऑक्साइडबरोबर अॅल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं असतं आणि कण एकसारखे नसतात, कारण ती स्टीलचे नळ आणि भांडी चमकवायला केलेली असते. कात्रीला, सुतारी पटाशीला, स्वयंपाकघरातल्या सुरीला उत्तम. वस्तऱ्याला नको. नोकरीच्या सुरुवातीला मी तीच वडी वडिलांच्या पट्ट्यावर चोळली होती. दुसऱ्या दिवशी वडिलांनी वस्तरा गालाला लावला, बाजूला ठेवला आणि मला भिंग आणायला सांगितलं. धारेवर शिस्तीत पडलेल्या बारीक रेघांमध्ये दोन-तीन जाड ओरखडे होते, टोकापर्यंत गेलेले. वस्तरा दगडावर पुन्हा आणता आला. पट्टा मात्र पुन्हा दाढीच्या वस्तऱ्याला वापरता आला नाही. तो पट्टा त्यांच्या वडिलांचा होता. ती हळहळ मला आजही आहे.

कोणी चित्रकलेच्या दुकानातून हिरवी पूड आणून तेलात कालवतात. त्यात एक धोका आहे तो सांगायलाच हवा. 'क्रोमियम ऑक्साइड ग्रीन' हे रंगद्रव्य चालतं. 'क्रोम ग्रीन' या नावाने मिळणारं जुन्या पद्धतीचं रंगद्रव्य वेगळं, ते प्रशियन निळा आणि शिशाचा पिवळा क्रोमेट यांचं मिश्रण असतं. शिसं विषारी आहे. नावात एका शब्दाचा फरक, आणि ती वस्तू तुमच्या गालावर जायची आहे. खात्री नसेल तर पूड घेऊच नका. खरी पूड असली तरी ती उडवू नका, श्वासात जाऊ देऊ नका.

हे जादूच्या पेस्टचं आकर्षण नवं नाही. लंडनमध्ये १७९० च्या दशकात जॉर्ज पॅकवुड नावाचा एक गृहस्थ पट्टे आणि त्याला लावायची पेस्ट विकायचा आणि वर्तमानपत्रांत त्याने जाहिरातींचा सपाटा लावला होता. दोनशे वर्षांपूर्वीही लोकांना दगड शिकण्यापेक्षा डबी उघडणं सोपं वाटत होतं.

आता प्रत्यक्ष काम. एक लाकडी फळी घ्या, लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी तुमच्या पात्याच्या लांबीएवढी किंवा थोडी जास्त, म्हणजे ७-८ सेंटिमीटर. वस्तरा तिरका न ओढता अख्खी धार एकदम टेकेल अशी. मी बाल्सा लाकूड वापरतो. विमानाच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या दुकानात ते मिळतं. लाकूड मऊ असलं तरी चामड्यासारखं धारेमागे उचलत नाही, म्हणून गोलाईचा धोका बराच कमी होतो. फळी आधी सपाट करा. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर पेन्सिलीच्या रेघा मारलेली फळी घासा, सगळ्या रेघा गेल्या की सपाट झाली. धूळ ब्रशने आणि मग कपड्याने पुसा. पॉलिश पेपरचा एक कण फळीत अडकला तर तो पेस्टपेक्षा कितीतरी मोठा असतो.

पेस्ट किती, तर लोकांना वाटते त्याच्या एक चतुर्थांश. वडी असेल तर फळीवर खडूसारख्या पाच-सहा रेघा ओढा आणि बोटाने पसरवा. ट्यूबमधली असेल तर तुरीच्या दाण्याएवढी. लाकडाचे रेषे वरून दिसत राहिले पाहिजेत. जाड थर लावला तर वस्तरा लाकडावर न राहता पेस्टवर तरंगतो, आणि तुम्ही पुन्हा मऊ पृष्ठभागावर येता. एकदा लावलेली पेस्ट माझ्याकडे वर्षभर पुरते.

फळी टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका. पाठ आधी टेकवा, मग धार. ओढायचं नेहमी पाठीच्या दिशेने, धार मागे. टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवरच पालटा, धार उचलून दुसऱ्या बाजूला न्या, पाठ फळीवरच राहू द्या. दाब म्हणजे वस्तऱ्याचं स्वतःचं वजन, त्यापेक्षा जास्त काही नको. बोटांची नखं पांढरी झाली तर दाब जास्त आहे. ही एक फेरी, जाऊन आणि येऊन. अशा पाच करा. वस्तरा मऊ कापडाने किंवा टिश्यूने पाठीकडून धारेकडे पुसा, मग नुसत्या पट्ट्यावर, कॅनव्हासवर २० आणि चामड्यावर ४०. पुसणं विसरलात तर हिरवे कण तुमच्या चांगल्या पट्ट्यावर जातात आणि महिन्याभरात तोही पेस्टचा पट्टा होतो. ही चूक हळू होते म्हणून लक्षात येत नाही.

मग दाढी करून पाहा. हातावरचे केस उडवून किंवा डोक्याचा एक केस तोडून धार पाहण्याची पद्धत सगळ्यांना आवडते, मीही पाहतो, पण केस कोरडा की ओला, जाड की बारीक, यावर तिचं उत्तर बदलतं. खरी परीक्षा गालाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीवर. पाच फेऱ्यांनी फरक पडला नाही तर आणखी पाच. दहा फेऱ्यांनंतरही वस्तरा ओढत असेल तर तिथे थांबा, कारण मग दोष टोकाचा नाही, बेव्हलचा आहे, आणि बेव्हलचा दोष पेस्टने कधीच जात नाही. अकरावी फेरी मारायचा मोह जिथे होतो तिथूनच सगळे वस्तरे बिघडतात.

फळीवर काळ्या रेघा दिसू लागतील. ते तुमच्याच वस्तऱ्याचं स्टील आहे. मी त्या मुद्दाम पुसत नाही, पुढच्या वेळी हात आवरायला त्यांची मदत होते.

कॅनव्हासच्या बाजूला पेस्ट लावली तर चालेल का, असंही विचारतात. चालतं, कॅनव्हास चामड्यापेक्षा कडक असतो, पण लटकताच असल्यामुळे गोलाई थोडी येतेच. फळी करता येत असताना मी ते सुचवणार नाही.

तुमच्या सध्याच्या पट्ट्याचं काय करायचं? खरं सांगायचं तर चामड्यात शिरलेले कण पूर्ण निघत नाहीत. सुरीच्या पाठीने वरचा थर खरवडता येतो, तेलाने थोडी पेस्ट सैल होऊन पुसली जाते, पण तो पट्टा पुन्हा नुसता पट्टा होत नाही. चामडं चांगलं असेल तर बकल काढून टाका, सपाट फळीवर गोंदाने पक्कं चिकटवा आणि सुऱ्या-पटाशीसाठी ठेवा. वस्तऱ्यासाठी नवा पट्टा घ्या. शिकताना पट्ट्यावर काप पडतात, त्यामुळे पहिला महागडा घेऊ नका. कापाच्या कडा उभ्या राहिल्या तर बारीक पॉलिश पेपरने सपाट करून घ्या, नाहीतर प्रत्येक फेरीला धार त्यावर आपटते.

वस्तरा धार लावणाऱ्याकडे देताना नुसतं "धार गेली" असं म्हणू नका. पेस्टच्या मऊ पट्ट्यावर दोन महिने ओढला आहे, टोक गोल झालं आहे, असं स्पष्ट सांगा. जाणकार असेल तर तो बेव्हलवर मार्करची शाई लावून एक-दोन हात मारेल. शाई बेव्हलच्या मागच्या भागातून जाईल आणि टोकाशी राहील, तीच गोलाई. मग ४००० किंवा ५००० नंबरच्या दगडावर (नंबर मोठा तेवढा दगड बारीक) ती जाईपर्यंत घासायचं, नंतर ८०००, आणि शेवटी १२००० चा दगड, ज्याचा कण साधारण १ मायक्रॉनच्या आसपास असतो, किंवा कोटिक्यूल हा बेल्जियमचा पिवळा नैसर्गिक दगड. काही जण वेळ वाचवायला पाठीवर इन्सुलेशन टेपची एक पट्टी लावून फक्त टोक घासतात. टेपने पाठ किंचित जाड होते, तुमच्या वस्तऱ्यावर कोन सुमारे एक अंशाने वाढेल आणि दगड थेट टोकापर्यंत पोचेल. दाढी चांगली होईल. पण पुढच्या प्रत्येक वेळी टेप लावावीच लागेल. आजोबांचा वस्तरा आहे, पूर्ण बेव्हल सपाट करून घ्या, थोडा वेळ आणि चार पैसे जास्त लागले तरी चालतील.

एक आपल्याकडचं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पट्ट्याला बुरशी येते आणि वस्तऱ्याची धार वापरली नाही तरी गंजाने मंदावते. लोकांना वाटतं धार गेली, आणि ते पेस्टकडे वळतात. जून ते सप्टेंबर दाढी झाली की वस्तरा पुसा, दहा फेऱ्या कॅनव्हासवर मारा, म्हणजे घर्षणाने उरलेली ओल जाते, मग शिलाई मशीनच्या तेलाचं बोट पात्यावरून फिरवा. वस्तरा मोरीत किंवा न्हाणीघरात ठेवू नका. पट्टा हवेशीर ठिकाणी टांगा, गुंडाळून डब्यात ठेवू नका. एवढं केलंत तर पेस्टची निम्मी गरज पावसाळ्यातच कमी होते. आणि वस्तरा, पट्टा, फळी हे तिन्ही फक्त तुमचे असू द्या, भावाला किंवा मित्रालाही देऊ नका. पट्टा उकळून स्वच्छ करता येत नाही.

वस्तरा परत आला की पहिल्या १५ दाढ्या पेस्टचा विचारही करू नका. रोज नुसता कॅनव्हास आणि चामडं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक दाढीची खूण करा आणि ज्या दिवशी हनुवटीखाली पहिल्यांदा ओढ जाणवेल त्या दिवसाभोवती गोल करा. कुणाचा वस्तरा १५ दाढ्यांना येतो, कुणाचा ४० ला. ते स्टीलवर, तुमच्या केसांच्या जाडीवर आणि पट्ट्यावरच्या हातावर ठरतं. तो आकडा कळला की त्याच्या आसपासच फळी काढायची, पाच फेऱ्या मारायच्या आणि ती परत कपाटात ठेवून द्यायची.